स्पर्शपटलावरील फिरता काटा : वर्तुळाकार मापकाच्या रचनेचा एक विचार

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा जुना रस्ता कात्रज ओलांडून घाटाला लागतो. याच कात्रज परिसरात पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची दुग्धशाळा आहे. १९६० साली स्थापन झालेला हा संघ 'कात्रज डेअरी' या नावानेच लोकांच्या अधिक परिचयाचा आहे. घाट उतरणारा मोटारचालक आणि अशा एखाद्या दुग्धशाळेत दूध तापविण्याच्या यंत्राजवळ उभा असलेला कामगार यांच्या कामांत वरकरणी काहीच साम्य दिसत नाही. तथापि दोघांनाही वेळोवेळी गोल तबकडीवरील काट्याकडे पाहून निर्णय घ्यावा लागतो. आणि दोघांच्याही समोरचा काटा अलीकडे पुष्कळदा धातूचा नसून पडद्यावर रेखाटलेला असतो. अशा रेखाटलेल्या काट्याने कसे हलावे, या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे. प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. परंतु त्याच्या उत्तरावर दुधाची निर्दोषता आणि रस्त्यावरील सुरक्षितता यांचा काही अंश अवलंबून आहे.

१. धातूचा काटा व प्रकाशाचा काटा

१८४९ साली पॅरिस येथील यंत्रज्ञ यूजीन बूर्दाँ यांनी आपल्या दाबमापकाचे पेटंट घेतले. या मापकाचे तत्त्व साधे आहे. चपट्या छेदाची व कमानीसारखी वाकविलेली धातूची नळी घ्यावयाची. तिच्यातील दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते. तिच्या बंद टोकाची ही अत्यल्प हालचाल दात्यांच्या चक्रांनी वाढवून काट्याला द्यावयाची. बाष्पित्रावर, पाण्याच्या पंपावर, वायूच्या टाकीवर दिसणारे गोल मापक आजही बहुधा याच जातीचे असतात.

या रचनेत वाफ आणि काटा यांच्यामध्ये धातूचा अखंड दुवा आहे. काटा हलला याचा अर्थ आत काहीतरी खरोखर घडले. काटा थरथरला तर पंपाचा ठोका त्यातून उमटला, असे जाणता कामगार ओळखतो. काट्याला जडता असते, धुरीला घर्षण असते, आणि त्यामुळे काटा किंचित मागे राहतो हेही खरे. परंतु ही उशिराची हालचाल निसर्गनियमांनी ठरविलेली असते, कोणाच्या आवडीने नव्हे.

स्पर्शपटलावरील काट्याची गोष्ट वेगळी आहे. त्याला वस्तुमान नाही, घर्षण नाही, आणि दुधाशी किंवा वाफेशी त्याचा प्रत्यक्ष संबंधही नाही. तो सेकंदाला ६० वेळा पुसला जाऊन पुन्हा रेखाटला जाऊ शकतो, म्हणजे दोन चित्रांत सुमारे १६.७ सहस्रांश सेकंदाचे अंतर असते. प्रत्येक चित्रात तो कोठे असावा हे कोणीतरी लिहिलेले सूत्र ठरविते. ते सूत्र त्याला सावकाश सरकवू शकते, उसळवू शकते, स्प्रिंगप्रमाणे झुलवू शकते. पटलासाठी तयार मिळणाऱ्या आज्ञावलींत असे चलनाचे अनेक प्रकार हाताशी असतात, आणि त्यांतून निवड करणे हा पुष्कळदा केवळ शोभेचा विषय समजला जातो. वस्तुतः तो मापनशास्त्राचा विषय आहे. कारण काट्याची प्रत्येक क्षणाची जागा हे वाचकाला केलेले एक विधान असते, आणि विधान म्हटले की ते खरे किंवा खोटे ठरते.

२. बहात्तर अंश व पंधरा सेकंद

हे विधान खोटे ठरल्यास काय बिघडते, हे पाश्चरीकरणाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. सलग वाहत्या दुधाच्या पाश्चरीकरणात दूध किमान ७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्याच तापमानावर किमान १५ सेकंद ठेवावे लागते. साठवणीच्या जुन्या पद्धतीत ६३ अंश व ३० मिनिटे हे प्रमाण आहे. भारतातील अन्नसुरक्षेच्या नियमांतही हीच प्रमाणे आहेत. पंधरा सेकंदांची ही अट पुरी करण्यासाठी तापविलेले दूध एका लांब नळीतून जाऊ देतात. तिला धारणनलिका म्हणता येईल. नलिकेच्या शेवटी तापमानाचा संवेदक असतो आणि त्यापुढे दुधाची दिशा बदलणारी झडप असते. तापमान ठरलेल्या मर्यादेखाली गेले की झडप फिरते व दूध पुढे न जाता पुन्हा आरंभीच्या टाकीत परतते.

येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. झडपेचा हा निर्णय स्पर्शपटलाने घ्यावयाचा नसतो. तो नियंत्रकाने संवेदकाच्या वाचनावरून परस्पर घ्यावयाचा असतो. पटल बंद पडले तरी दूध सुरक्षितच राहिले पाहिजे. मग पटलावरील काटा चुकला तर बिघडले काय, असा प्रश्न सहज निघेल. उत्तर असे की, यंत्राजवळचा मनुष्य यंत्रावर किती विश्वास ठेवील हे त्या काट्यावरून ठरते. काटा ७२ च्या वर दिसत असता झडप फिरली, तर कामगाराच्या मनात पहिला संशय येतो तो झडपेचा. असे चार वेळा घडले की झडप 'उगीचच' फिरते अशी समजूत दृढ होते. आणि पाचव्या वेळी ती हाताने अडवून धरण्याचा किंवा मर्यादा खाली आणण्याचा मोह होतो. सुरक्षेची साधने बहुधा एकाएकी मोडत नाहीत. त्यांच्यावरील विश्वास आधी मोडतो.

३. दुधापासून काट्यापर्यंतचा मार्ग

दुधाचे तापमान काट्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी अनेक रूपे घेते. संवेदक बहुधा प्लॅटिनमच्या तारेचा असतो. शून्य अंशाला त्याचा विद्युत्‌रोध १०० ओहम असतो. ७२ अंशांना तो सुमारे १२७.८ ओहम होतो. प्रेषक या रोधाचे रूपांतर ४ ते २० मिलिअँपिअर विद्युत्‌प्रवाहात करतो. प्रेषकाचा पल्ला ० ते १०० अंशांचा असेल तर ७२ अंशांना १५.५२ मिलिअँपिअर प्रवाह वाहील. नियंत्रक त्या प्रवाहाचा अंक करतो आणि पटल तो अंक ठराविक अंतराने, उदाहरणार्थ दर अर्ध्या सेकंदाने, मागून घेते.

शेवटचे रूपांतर अंकातून कोनात होते. तापमानाचा अंश आणि कोनाचा अंश यांचा घोटाळा होऊ नये म्हणून पुढे कोनासाठी 'कोनांश' हा शब्द योजिला आहे. गोल मापकात काट्याचा संपूर्ण फेरा बहुधा २७० कोनांशांचा असतो. डाव्या बाजूस खाली आरंभ, उजव्या बाजूस खाली शेवट, आणि तळाशी ९० कोनांशांची मोकळी जागा. वाचनातून पल्ल्याचा आरंभ वजा करावयाचा, त्याला पल्ल्याच्या लांबीने भागावयाचे, २७० ने गुणावयाचे, आणि येणारा कोन आरंभापासून उजवीकडे मोजावयाचा, एवढेच हे सूत्र आहे.

सूत्र सोपे असले तरी त्यात एक खाच आहे. काटा एका जागेवरून दुसरीकडे नेताना मधल्या जागा कोनांवरून काढाव्या की मूल्यांवरून? चित्रे फिरविणाऱ्या काही आज्ञावली दोन कोनांमधील सर्वांत जवळचा मार्ग निवडतात. होकायंत्रासाठी तो योग्यच आहे. परंतु तापमापकात मूल्य आरंभाजवळून एकदम शेवटाकडे गेले, तर जवळचा मार्ग तळाच्या मोकळ्या जागेतून जातो, आणि जेथे कोणतेच तापमान नाही अशा प्रदेशातून काटा फिरताना दिसतो. यास्तव मधली मूल्ये आधी काढावी आणि प्रत्येक मूल्याचा कोन मग काढावा, हा नियम पाळणे श्रेयस्कर.

४. पल्ला किती असावा

लहान यंत्रांवरील सात इंची पटलावर बहुधा ८०० गुणिले ४८० बिंदू असतात. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सुमारे ५ बिंदू. त्यावर १०० बिंदू त्रिज्येची तबकडी काढली आणि पल्ला ० ते १०० अंशांचा ठेवला, तर एका अंशाला २.७ कोनांश मिळतात आणि काट्याचे टोक ४.७ बिंदू सरकते. ७२.० आणि ७१.८ यांतील भेद जेमतेम एका बिंदूचा होतो. जो भेद झडप ओळखते तो डोळ्याला दिसतच नाही.

पल्ला ६० ते ८५ अंशांचा केला तर तीच तबकडी एका अंशाला १०.८ कोनांश देते आणि टोक सुमारे १९ बिंदू सरकते. शिवाय ७२.५ हे मूल्य बरोबर शिरोभागी, घड्याळातील बाराच्या जागी येते आणि ७२ ची मर्यादा त्याच्या डावीकडे ५.४ कोनांशांवर पडते. 'काटा उभा किंवा उजवीकडे झुकलेला असला की ठीक' हा नियम मग अंक न वाचताही दुरून कळतो.

परंतु पल्ला आखडला की त्याबाहेरील मूल्यांचा प्रश्न उभा राहतो. सकाळी यंत्र सुरू होताना तापमान ३० अंश असेल. अशा वेळी काटा ६० वर टेकवून ठेवणे म्हणजे तापमान ६० आहे असे सांगणे होय. त्यापेक्षा काटा अजिबात न काढता आरंभबिंदूबाहेर खाली दाखविणारी लहानशी खूण व मध्यभागी खरा अंक दाखविणे अधिक प्रामाणिक आहे.

५. मागे राहणारा काटा व पुढे झेपावणारा काटा

आता चलनाच्या मूळ प्रश्नाकडे वळता येईल. अर्ध्या सेकंदाने येणारे वाचन जसेच्या तसे दाखविले तर काटा टप्प्याटप्प्याने उडतो. तो सुरळीत दिसावा म्हणून सर्वाधिक वापरली जाणारी युक्ती अशी : प्रत्येक चित्रात काट्याने आपले सध्याचे स्थान आणि नवे वाचन यांतील अंतराचा ठराविक भाग काटावयाचा. परिणामी काटा आरंभी वेगाने आणि पुढे मंद गतीने लक्ष्याकडे जातो. त्याच्या मंदपणाचे माप कालांकाने देतात; एका कालांकात अंतराचा ६३ टक्के भाग पुरा होतो, तीन कालांकांत ९५ टक्के.

दिसावयास हे चलन अत्यंत डौलदार असते. परंतु मोजावयाची राशी एकसारखी बदलत असेल तर हा काटा तिच्या मागे कायम राहतो, आणि किती मागे याचा हिशेब सोपा आहे : बदलाचा वेग गुणिले कालांक. वाफेचा पुरवठा कमी पडून दूध सेकंदाला ०.२ अंश या वेगाने निवत आहे आणि काट्याचा कालांक २ सेकंद आहे असे समजू. काटा ०.४ अंश मागे राहील. ज्या क्षणी नियंत्रकाजवळ ७१.८ हे वाचन आहे आणि झडप फिरली आहे, त्या क्षणी पटलावर ७२.२ दिसेल. वर वर्णिलेला अविश्वास येथेच जन्म घेतो. संवेदक चांगला आहे, नियंत्रक चांगला आहे, झडप चांगली आहे. खोटे आहे ते केवळ काट्याचे सौंदर्य.

शिवाय असा विलंब एकटा नसतो. संवेदक ज्या धातूच्या आवरणात बसविलेला असतो त्याला तापावयास वेळ लागतो, प्रेषकात लहरी दाबण्याची सोय असते, नियंत्रकात सरासरी घेतलेली असते, आणि शेवटी पटलावर चलन येते. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी सद्भावनेनेच थोडासा मंदपणा घातलेला असतो. राशी एकसारखी बदलत असता या सर्व कालांकांची बेरीज होते. म्हणून पटलाची रचना करणाऱ्याने आपल्याआधी किती विलंब घातला गेला आहे याची चौकशी केल्याशिवाय त्यात भर घालू नये.

दुसरा दोष याच्या उलट आहे. काही रचनांत काटा लक्ष्य ओलांडून पुढे जातो आणि मग झुलत परत येतो. धातूच्या काट्याची आठवण व्हावी हा त्यामागील हेतू. अवमंदनाचा गुणांक ०.५ असेल तर हे ओलांडणे उडीच्या सुमारे १६ टक्के असते. दूध ६८ अंशांवर असताना नवे वाचन ७१.६ आले असे धरू. उडी ३.६ अंशांची, तिचे १६ टक्के म्हणजे जवळजवळ ०.६. काटा क्षणभर ७२.२ वर जाऊन येईल. दूध ७२ अंशांना पोहोचलेच नाही, आणि काट्याने मात्र मर्यादा ओलांडून दाखविली! मागे राहणारा काटा निदान जुने सत्य सांगतो. झेपावणारा काटा कधीच नसलेली गोष्ट सांगतो. मापनाच्या पटलावर उसळणाऱ्या व झुलणाऱ्या चलनास मज्जाव असावा, हे यावरून सिद्ध होते.

मग काटा सुरळीत फिरूच नये काय? तसे नाही. चलनाचा एक मोठा उपयोग आहे : राशी कोणत्या दिशेने व किती वेगाने बदलत आहे हे डोळ्याला त्यातूनच कळते, उड्या मारणाऱ्या काट्यात ती दिशा हरवते. त्यासाठी मागील वाचनापासून नव्या वाचनापर्यंत काट्याने सरळ, एकसमान गतीने जावे आणि पुढील वाचन येण्याच्या आत तेथे पोहोचावे. यात काटा फार तर एका वाचनाइतका, म्हणजे अर्धा सेकंद, मागे राहतो. वरील उदाहरणात ही चूक ०.१ अंशाची होते आणि ती कधीच वाढत नाही. मध्यभागी छापलेला अंक मात्र चलनाची वाट न पाहता तत्काळ बदलला पाहिजे, आणि मर्यादाभंगाची सूचना त्या ताज्या अंकावरूनच निघाली पाहिजे, काट्याच्या जागेवरून नव्हे.

६. चूक कोणत्या बाजूस असावी

येथपर्यंत चूक कमी कशी करावी याचा विचार झाला. परंतु काही चूक उरणारच. तेव्हा ती कोणत्या बाजूस असावी हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर घाट उतरणाऱ्या मोटारीत सापडते.

मोटारीच्या वेगमापकासंबंधी संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने झालेल्या ३९ क्रमांकाच्या नियमावलीत असे म्हटले आहे की, दाखविलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असू नये. अधिक असल्यास तो खऱ्या वेगाच्या एकदशांश अधिक ताशी ४ किलोमीटर याहून जास्त नसावा. म्हणजे खरा वेग ताशी ६० किलोमीटर असता काटा ६० ते ७० यांमध्ये कोठेही चालेल; ५९ मात्र चालणार नाही. नियमकर्त्यांनी चुकीला एकच दार ठेवले, आणि तेही सुरक्षित बाजूचे.

त्याच मोटारीतील दुसरा काटा निराळे सांगतो. घाट चढताना इंजिनातील पाणी तापते. पूर्वीच्या मोटारींत त्याचा काटा चढउतार दाखवीत असे, आणि चालक विनाकारण घाबरून गाडी उभी करीत. म्हणून पुढे अनेक मोटारींत अशी योजना झाली की, तापमान सामान्य पट्ट्यात कोठेही असले तरी काटा मध्यावरच स्थिर राहावा आणि धोक्याच्या जवळ गेल्यावरच हलावा. हा काटा शांत आहे, परंतु तो मापक राहिलेला नाही. काट्याच्या वेषातील तो सूचनादीप आहे. सामान्य चालकाला तेवढे पुरते, कारण त्याला तापमानाचे नियंत्रण करावयाचे नसते. पाश्चरीकरण करणाऱ्या कामगाराला ते पुरत नाही, कारण मर्यादेच्या वरचा एकेक अंश कोणीकडे सरकत आहे हे पाहूनच त्याने वेळीच वाफेकडे धाव घ्यावयाची असते.

या दोन उदाहरणांतून स्पर्शपटलासाठी एक उपयुक्त नियम निघतो. काट्याचे चढणे आणि उतरणे समान गतीने असण्याचे काहीच कारण नाही. धातूच्या काट्याला दोन दिशांत भेद करता येत नव्हता. रेखाटलेल्या काट्याला तो करता येतो. पाश्चरीकरणात धोका खालच्या बाजूस आहे; तेव्हा तापमान उतरले की काट्याने विनाविलंब खाली यावे, आणि चढले तर खुशाल सावकाश वर जावे. वेगमापकात धोका वरच्या बाजूस आहे. तेथे चढण तत्काळ आणि उतरण सावकाश असावी. शीतगृहाच्या मापकात तापमानाचे चढणे तत्काळ दिसावे. अशा रचनेत काटा जेव्हा चुकतो तेव्हा तो नेहमी धोक्याच्या बाजूचे बोलतो.

या नियमालाही मर्यादा आहे. वाचनात बारीक लहरी असतील तर असा काटा प्रत्येक खोल लहरीबरोबर खाली येतो आणि हळूहळू वर जातो. परिणामी तो सरासरीपेक्षा सतत कमी दाखवितो. लहरी दशांश अंशाच्या आत असतील तर हे खपवून घेता येते. त्या मोठ्या असतील तर मूळ दोष तारांत किंवा संवेदकात शोधावयास हवा. वर जाण्याचा विलंबही एक-दोन सेकंदांपलीकडे नसावा. विनाकारण भीती दाखविणारा काटा हाही शेवटी अविश्वासालाच कारण होतो.

७. थिजलेला काटा

धातूचा काटा मेला तर बहुधा शून्यावर पडतो. पटलावरील काटा मेला तर तो शेवटच्या जागीच सुंदरपणे उभा राहतो. नियंत्रक व पटल यांमधील तार सुटली, आणि त्या वेळी काटा ७३ वर असला, तर तो तासन्‌तास ७३ दाखवीत राहील. स्थिर काटा हे उत्तम नियंत्रणाचेही लक्षण आहे आणि तुटलेल्या संबंधाचेही; चित्रावरून या दोहोंत भेद करता येत नाही. म्हणून प्रत्येक वाचनाचे वय पटलाने मोजले पाहिजे. दोन-तीन वाचने चुकली की काटा काढून टाकावा, अंकाच्या जागी आडव्या रेघा दाखवाव्या आणि 'वाचन नाही' असे शब्दांत लिहावे.

संवेदकाची तार तुटण्याचा प्रकार याहून फसवा आहे. प्रवाह शून्य झाला की वरील सूत्र निमूटपणे उणे २५ अंश हे उत्तर देते, आणि काटा डावीकडे आपटतो. प्रवाहाचा आरंभ ४ मिलिअँपिअरपासून ठेवण्याचे एक कारण हेच की, शून्य प्रवाह हा तापमानाचा निरोप नसून बिघाडाचा निरोप आहे हे ओळखता यावे. जर्मनीतील नामूर या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे ३.६ मिलिअँपिअरखालील प्रवाह बिघाड समजावा. पटलाने अशा वेळी तापमान सांगूच नये; बिघाड सांगावा.

त्याचप्रमाणे पटल चालू होताना काटा शून्यापासून फिरत वाचनापर्यंत नेण्याची हौसही टाळावी. पटल मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू झाले, तर पाहणाऱ्याला दूध आत्ताच तापत आहे असा भास होतो. पहिले वाचन येईपर्यंत काटा नसावा. आल्यावर तो थेट जागेवर उमटावा.

८. बोट आणि तबकडी

स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना ब्रिटनमधील मॅल्व्हर्न येथे ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. ती हवाई वाहतुकीच्या नियंत्रणासाठी होती. आज स्पर्श इतका सुलभ झाला आहे की, दाखविण्यासाठी काढलेली तबकडीच बोटाने फिरवून तापमान ठरवावे असे सहज सुचते. हिशेब केला असता ही कल्पना टिकत नाही. बोटाचा स्पर्श सुमारे ९ मिलिमीटर रुंद धरावा लागतो. वर घेतलेल्या तबकडीची त्रिज्या सुमारे १९ मिलिमीटर आहे. तिच्या कडेवर ठेवलेले बोट सुमारे २७ कोनांश झाकते. ६० ते ८५ च्या पल्ल्यात याचा अर्थ २.५ अंश, आणि ० ते १०० च्या पल्ल्यात तब्बल १० अंश. ज्या अंकावर बोट ठेवावयाचे तोच बोटाखाली दडतो.

तेव्हा दाखविणारी तबकडी आणि ठरविणारी कळ या दोन वस्तू वेगळ्या असाव्या. मूल्य बदलण्यासाठी अधिक-उणे अशा दोन ठळक कळा असाव्या, प्रत्येक दाबात ठराविक अल्प बदल व्हावा, आणि बदल लागू करण्यासाठी स्वतंत्र संमती घ्यावी. बोट चुकून लागल्याने काटा हलता कामा नये. दुग्धशाळेत पाणी सर्वत्र असते. विद्युत्‌धारितेवर चालणारे पटल पाण्याच्या थेंबालाही बोट समजू शकते. दाबावर चालणारे पटल ओल्या हाताने व हातमोज्यानेही चालते, परंतु त्याचा पृष्ठभाग लवकर झिजतो. निवड करताना जागेची ही प्रकृती लक्षात घ्यावी.

९. वर्तुळच का?

इतक्या काळजीनंतर मूळचाच प्रश्न विचारणे न्याय्य ठरेल : मापक गोल असावाच का? १९४८ साली रॉबर्ट स्लाइट यांनी निरनिराळ्या आकारांच्या तबकड्या क्षणमात्र दाखवून वाचनातील चुका मोजल्या. सर्वांत कमी चुका खिडकीतून एकच अंक दाखविणाऱ्या मापकात झाल्या, त्यानंतर गोल तबकडीत, आणि सर्वांत जास्त उभ्या पट्टीत. उलट १९८४ साली विल्यम क्लीव्हलँड व रॉबर्ट मॅकगिल यांनी दाखविले की, दोन राशींची तुलना करताना समान पट्टीवरील स्थान डोळा सर्वांत अचूक ओळखतो आणि कोन त्याहून कमी अचूक.

या दोन निष्कर्षांत विरोध नाही. प्रश्न भिन्न आहेत. नेमके मूल्य हवे असेल तर अंक श्रेष्ठ. अनेक राशींची आपसांत तुलना करावयाची असेल, किंवा जागा थोडी असेल, तर सरळ पट्टी श्रेष्ठ. 'सर्व ठीक आहे ना?' एवढेच एका दृष्टिक्षेपात पाहावयाचे असेल तर गोल तबकड्या उत्तम, मात्र सर्वांचे सामान्य मूल्य एकाच दिशेस आणलेले असावे. मग वाकडा झालेला एक काटा रांगेतून आपोआप डोळ्यात भरतो. एकाच तबकडीवर अनेक काटे मात्र नसावे. तीन काट्यांच्या उंचीमापकाने वैमानिकांना हजारो फुटांनी फसविल्याच्या घटना १९४७ साली पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांच्या पाहणीत नमूद झाल्या आहेत.

रंगाच्या बाबतीतही संयम हवा. सुमारे आठ टक्के पुरुषांना लाल व हिरवा यांतील भेद नीट कळत नाही. हिरव्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांनी नटविलेली तबकडी त्यांच्या उपयोगी पडत नाही. सामान्य स्थितीत तबकडी करड्या रंगाची ठेवून मर्यादाभंगाच्या वेळीच रंग आणि त्यासोबत आकार व शब्द बदलावे. अंक देवनागरी असावे की आंतरराष्ट्रीय, याचा निर्णय शेजारच्या यंत्रांवरील व नोंदवहीतील अंकांशी जुळवून करावा. देवनागरीत १ आणि ९ दुरून सारखे भासतात, याकडे मात्र लक्ष हवे. शब्द मराठीत असणे इष्टच आहे, परंतु पुष्कळ लहान पटलांना जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी योग्य जागी बसविता येत नाही. अशा वेळी मोडकी अक्षरे सहन करण्यापेक्षा शब्दांची चित्रे करून ती बसविणे बरे.

१०. तात्पर्य

वरील विवेचनावरून कोणत्याही पटलाची परीक्षा घेण्याची एक सोपी रीत सांगता येते. संवेदकाच्या जागी कृत्रिम प्रवाह देणारे उपकरण जोडावे. प्रवाह एकसमान वेगाने मर्यादेखाली आणावा आणि झडप फिरते त्या क्षणी काटा कोठे आहे ते नोंदवावे. नंतर प्रवाहाला एकदम उडी द्यावी आणि काटा लक्ष्य ओलांडतो का ते पाहावे. शेवटी तार काढावी आणि काटा किती वेळ खोटे बोलत राहतो ते घड्याळ लावून मोजावे. या तीन प्रयोगांना तासभरही लागत नाही, आणि त्यांना लागणारी साधने कोणत्याही उपकरणशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतात.

जुन्या मापकाच्या प्रामाणिकपणाची हमी धातूच्या नळीने दिली होती. नव्या मापकात ती नळी नाही. तिची जागा रचना करणाऱ्याच्या निर्णयाने घेतली आहे. काटा केव्हा व किती वेगाने हलेल आणि चुकला तर कोणत्या बाजूस चुकेल, हे त्यानेच ठरवावयाचे असते. ते ठरविताना समोर पडद्याची शोभा नसून धारणनलिकेतून वाहणारे दूध असावे.